जावईबापूंचे धोंडे

आमच्या यांना साखर होती, आणि पोटही सुटलेलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "गुरुजी, साखरेचा माणूस अन् वर हे वजन, जोर हृदयावर पडते. उतरवा." मग काय, माणूस ऐकला हो! भात सोडला. रात्री एकच भाकर, अंबाडीची भाजी. सकाळी फिरणं. वर्षभरात असे हलके झाले की जिना चढताना माझ्याच पुढे.

त्यात आला अधिक महिना. जावई म्हातारा झाला तरी आमच्याकडे त्याला धोंड्याचं जेवण चुकत नाही. आम्ही अमरावतीला माझ्या माहेरी गेलो. यांना पाहून वहिनी दारातच थबकली.

"जावईबापू, काय हे! पार सुकून गेले. ताई, उपाशी ठेवता का यांले?"

सगळे हसले. मीही हसले, पण डोळे भरून आले. ते यांनी पाहिलं.

ताटात पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार. मी हळूच म्हटलं, "आवो, एकच घ्या."

"वाढा वहिनी," हे मोठ्यानं म्हणाले. "इच्या हातचं खाऊनच तर जगून राह्यलो मी."

परतताना बसमध्ये मी चिडले. तर म्हणतात, "तुले नाव ठेवलेलं मले नाही खपत."

मग तेच सुरू झालं. कोणाच्या लग्नात, कोणाच्या बारशात, कोणी "वाळले" म्हटलं की हे ताट पुढे करायचे. फिरणं सुटलं. पोट परत आलं. मी रागावले, रडले, डॉक्टरांकडे ओढून नेलं. ऐकलं नाही.

एका दुपारी घामानं सदरा भिजला. "छातीत दुखून राह्यलं का?" विचारलं, तर म्हणाले, "नाही, नुसतं थकल्यावानी वाटते." दवाखान्यात पोचेपर्यंत हातातला हात गार पडला. डॉक्टर म्हणाले, साखरेच्या माणसाला कधीकधी दुखतच नाही.

वहिनी भेटायला आली. मला पोटाशी धरून म्हणाली, "शेवटपर्यंत कसे भरलेले होते अंगानं. ताई, तुमाले कोणी बोट दाखवणार नाही."

मला वाटलं, दाखवावं गं. साऱ्या गावानं दाखवावं. उपाशी ठेवते म्हणावं मला, आणि हे वाळलेले, ढगळ सदऱ्यातले, समोर बसून एकच भाकर मोडत असावेत.