तांब्याच्या कळशीतलं पाणी

माझ्या नवऱ्याला, म्हणजे राजन खोतांना, ऑफिसात सगळे शांत माणूस म्हणतात. म्हणू देत बापडे. विमा कंपनीत तीस वर्षं काढली, मिरजेहून नागपूर, इंदूर आणि आता जयपूर, पण साहेबाला कधी उलट शब्द बोलले नाहीत. सगळे उलट शब्द घरासाठी राखून ठेवले होते. त्यातले बरेचसे आमच्या अमेयच्या वाट्याला आले.

अमेय जयपूरच्या गोपालपुऱ्याला क्लासला जायचा, इंजिनियरिंगच्या परीक्षेसाठी. तिथून येताना एक दिवस रिक्षातून काचेची टाकी घेऊन आला. मला वाटलं, मासे आणलेत. कसले मासे! पाण्यात झाडं लावली त्याने. एक रिबिनीसारख्या लांब पानांचं, एक लाकडाच्या तुकड्याला दोऱ्याने बांधलेलं. आणि त्यांच्यावरचं शेवाळ खायला पिवळ्या शंखांच्या लिंबाएवढ्या गोगलगाई. पोर जयपुरातच वाढलेलं, त्यांना घोंघे म्हणायचं. तासन् तास टाकीसमोर बसायचा, पुस्तक मांडीवर उघडं ठेवून.

मग एक दिवस क्लासमधून फोन आला की, मुलगा दोन महिने फिरकलेलाच नाही. घरातून तर रोज डबा घेऊन निघत होता! ह्यांचा पारा चढला. "गोगलगाय अन् पोटात पाय!" असं त्याच्या तोंडावर म्हणाले. "ही असली जनावरं पाळून पोट भरणार आहेस का?" अमेयला म्हणीचा अर्थ कळला असेल का, देव जाणे. आवाज मात्र कळला. त्या आठवड्यात त्याने बॅग भरली आणि पुणं गाठलं. तिथे एका दुकानात लागला. अशाच झाडांच्या टाक्या बनवून देतात म्हणे लोकांना.

त्याला अडीच वर्षं झाली. फोन यायचा तो मला. बाबा कसे आहेत, असं एकदाही विचारायचा नाही. आणि हेही फोन मागायचे नाहीत. पण माझा फोन सुरू झाला की हे टीव्हीचा आवाज बंद करायचे आणि नुसती हलणारी चित्रं बघत बसायचे. मला हसूही यायचं आणि रडूही.

टाकी मीच सांभाळत होते. पहिला महिना ह्यांनी खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ केली. मग हळूच काकडीची एक चकती पाण्यात सोडताना मी त्यांना पकडलं. म्हणाले, "उरली होती." अहो, काकडी उरते कशी? पुढे तर काचेला, पाण्याच्या वर, गुलाबी अंड्यांचा घोस दिसला तेव्हा एवढ्यांदा हाक मारली की मी पोळी तव्यावर टाकून धावले. तीन आठवड्यांनी मोहरीएवढी पिल्लं काचेवर चालायला लागली. "आजोबा झालात हो," मी चिडवलं. हसले. आणि एकदम उठून गॅलरीत गेले, किती तरी वेळ आलेच नाहीत. पोराच्या आठवणीने जीव तुटत होता माणसाचा, पण जीभ काही उचलेना.

ह्या फेब्रुवारीत माझ्या बहिणीचं ऑपरेशन होतं म्हणून मी तीन आठवडे मिरजेला गेले. अमेयला म्हटलं, बाबांना टाकीचं काही कळत नाही, माझं सांगणं त्यांना पटत नाही, तूच नीट लिहून दे. त्याने माझ्या मोबाइलवर त्याच्या मराठीत लिहून पाठवलं: "नळाचं पाणी पहिले एक दिवस चांगल्या भांड्यात ठेवायचं, मग टाकायचं." ते मी कागदावर उतरवून फ्रिजला चिकटवलं.

चांगल्या भांड्यात! आमच्या घरात पाण्याचं चांगलं भांडं एकच, सासूबाईंची तांब्याची कळशी. ज्या माणसाने जन्मात स्वतःचा चहाचा कप विसळला नाही, त्याने ती माळ्यावरून काढली, चिंच-मीठ लावून लख्ख घासली, दिवसभर पाणी भरून ठेवलं आणि मग टाकीत ओतलं. पोराने सांगितलंय तसंच करायचं, म्हणून. पोराचं ऐकलं ते आयुष्यात पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी मला फोन. "अगं, ह्या हलत नाहीत." दुसऱ्या दिवशी परत फोन. "सगळ्या गेल्या, प्रतिमा. एकसुद्धा राहिली नाही."

"अमेयला विचारा काय झालं ते," मी म्हटलं.

"तूच विचार ना."

मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मी नाही विचारणार! पाणी तुम्ही घातलंत, फोन तुम्ही करा. किती वर्षं मला मधे उभी करून बोलणार आहात बाप-लेक?" आणि फोन ठेवून दिला. ठेवल्यावर देवाजवळ जाऊन बसले.

त्यांनी फोन केला. काय बोलणं झालं ते मला दोघांनीही नंतर सांगितलं. फरक एवढाच की, बाप म्हणतो पाच मिनिटं बोललो, आणि पोरगा म्हणतो चाळीस.

हे म्हणाले, "अमेय, तुझ्या गोगलगाई गेल्या रे. माझ्या हातून."

मग त्याने एकेक विचारलं. पाणी कुठलं, किती घातलं, कशात ठेवलं होतं.

"आजीच्या कळशीत. घासून घेतली होती चांगली."

"बाबा, तांबं नाही चालत त्यांना. मतलब, जहरच आहे त्यांच्यासाठी. माझीच चूक. मी नीट लिहायला हवं होतं."

"नाही रे. आपल्याला चांगलं ते त्यांनाही चांगलंच, असं धरून चाललो मी. तुला विचारायला हवं होतं."

मग अमेय म्हणाला, "मी नवीन पाठवतो ना. आमच्या दुकानातून कुरियर जातात, ओल्या कापसात बांधून. दोन-तीन दिवसांत पोचतात. मरत नाहीत."

"कुरियरने नको."

"अहो बाबा, खरंच मरत नाहीत."

"कुरियरने नको पाठवूस. तू घेऊन ये."

त्यावर तो "बघतो" म्हणाला.

ह्याला चार महिने झाले. आता शुक्रवारी हे प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी भरून ठेवतात, शनिवारी बदलतात, वाढलेली पानं कात्रीने कापतात. अमेयचा फोन आता त्यांनाही येतो. झाडांबद्दल बोलतात. येण्याबद्दल अजून तो बोलत नाही आणि हे विचारत नाहीत.

परवा बाजारात एका दुकानात मला तशाच पिवळ्या गोगलगाई दिसल्या. घरी येऊन म्हटलं, "अहो, आणू का दोन-चार? टाकी कशी भकास दिसते."

एकदम उसळले माझ्यावर. "खबरदार एक जरी आणलीस तर! आणणारा आणेल."