खोडलेला प्रश्न

ती केस अजूनही माझ्या मनातून गेलेली नाही.

तेव्हा मी नवी मुंबईतल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. जुईनगरच्या एक बाई मोबाईल घेऊन आल्या.

"साहेब, काल मुलीची नर्सिंगची प्रवेश परीक्षा झाली. हे तिला आदल्या दिवशी कुणीतरी फॉरवर्ड केलेलं. तिने पेपर देऊन आल्यावर उघडलं. सगळं सेम आहे. उद्या आमच्यावर नको यायला."

हाताने लिहिलेल्या प्रश्नांचा तो फोटो होता. पेपर काढणारी संस्था आमच्याच हद्दीत होती. तिथले प्रमुख ठामपणे म्हणाले, "अशक्य. त्या कॉम्प्युटरला इंटरनेट नाही. पेनड्राइव्ह लावायच्या जागा सील आहेत. मोबाईल दाराबाहेर ठेवावा लागतो."

पंचनाम्यात सगळी सीलं शाबूत निघाली. दोन दिवस कर्मचाऱ्यांचे जबाब घेतले, हाती काहीच लागलं नाही.

मग मी मूळ पेपर आणि तो फोटो शेजारी ठेवून प्रश्न मोजले. पेपरात चाळीस प्रश्न, फोटोत एक्केचाळीस. पेपर काढणाऱ्या मॅडमनी तो जादा प्रश्न वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. "हा मी टाईप करून लगेच खोडला होता. सेव्हसुद्धा केला नव्हता."

आमचा सायबरचा हवालदार म्हणाला, "सर, मग फाईल चोरलेलीच नाही. टायपिंग चोरलंय. कीबोर्ड बघू."

खोलीतला कीबोर्ड साफ होता. पण संस्थेच्या सामानाची नोंद असते त्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्याच महिन्यात तो दोनदा बदलल्याची नोंद होती. कारण, 'बटणं अडकतात'. खाली मशीन दुरुस्त करणाऱ्या कर्मचाऱ्याची सही. त्याच्या दिघ्यातल्या घराच्या झडतीत दोन बदलांच्या मधल्या काळात लावलेला कीबोर्ड सापडला. आत दाबलेलं प्रत्येक बटण टिपून ठेवणारी बारीकशी चिप होती.

माणूस पन्नाशीचा. जालन्याकडून आलेला, अठरा वर्षांच्या नोकरीत एक मेमो नाही. मी चहा मागवला आणि विचारलं, "कुणाला विकला?"

"विकला नाय साहेब." तो रडायला लागला. "पोरीसाठी केलं. मागच्या टायमाला दोन मार्कांनी गेलं तिचं. यंदा परत गेलं असतं तर खचली असती. हातानं लिहून दिलं, तिला सांगितलं, वळखीच्या सरांनी काढलेले महत्त्वाचे प्रश्न हायेत."

पोरगी मनाची मोठी. तिने ते मैत्रिणीला पाठवले. तिथून ते पसरले.

महिला अंमलदारासमोर तिचा जबाब घेतला. खरा प्रकार तिला माझ्या टेबलाशीच कळला. ती शेजारी बसवलेल्या वडिलांकडे वळली.

"पप्पा, मला येत होतं सगळं. एकदा विचारायचं तरी."

झडतीत तिच्या सरावाच्या वह्याही आल्या होत्या. मी चाळल्या. ती खरं बोलत होती.

परीक्षा पुन्हा झाली. सगळ्या मुली बसल्या, हिचं नाव यादीतून काढलं होतं. वडिलांची नोकरी गेली, आरोपपत्र दाखल झालं.

नोकरीत मी हावेपोटी चोरी करणारे पुष्कळ पाहिले. त्यांना बेड्या घालताना कधी काही वाटलं नाही. या माणसाला हाव नव्हती, नुसती भीती होती. भीतीनेही घर बुडतं, हे मी त्या केसमध्ये शिकलो.

'मला येत होतं' या वाक्याचा तपासाला काही उपयोग नव्हता. तरी जबाबात ते जसंच्या तसं घ्यायला मी लेखनिकाला सांगितलं. कुठेतरी त्याची नोंद राहायला हवी होती.