पाठक सरांचं मागचं स्प्रॉकेट

"विलास, हे मोठं स्प्रॉकेट काढ आणि भंगारात टाक," पाठक सर म्हणाले. गाडी अजून स्टँडलाही लावली नव्हती.

नारायणगुड्यात माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. सर सुलतान बाजारच्या मागे राहतात, शाळेत गणित शिकवून रिटायर झाले. त्यांच्या गाडीचं काम पहिल्यापासून माझ्याकडे. त्यांच्या पत्नी नलिनीकाकूंना जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.

ते स्प्रॉकेट मीच बसवलं होतं, काकूंसाठी. त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं. ऑटोच्या धक्क्यांनी कंबर धरायची, म्हणून सरांच्या मागे बसूनच जायचं हा हट्ट त्यांचा. पण गर्दीत हळू चालवली की गाडी घुटमळायची आणि मागे हिसका बसायचा.

स्प्रॉकेट म्हणजे दात्यांचं चाक. इंजिनाकडे लहान, मागच्या चाकाला मोठं, मधे चेन. मागचं आणखी मोठं केलं की गाडीला ओढ येते. हळू चालतानाही इंजिन कुंथत नाही, हिसके कमी होतात. बदल्यात टॉप स्पीड जातो. मोकळ्या रस्त्यावर गाडी नुसती ओरडते, पळत नाही. हे मी दोघांना बसवून समजावलं होतं.

"हौ, मग जाऊ की हळूहळू," काकू म्हणाल्या होत्या. "यांना कुठं रेस लावायची आहे?"

आता सर एकटेच स्टुलावर बसले होते. एरवी माझ्या कामात दहा प्रश्न विचारणारा माणूस, पण त्या दिवशी खाली बघूनच बोलला.

"सकाळी तिच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स येईना. तीच म्हणाली, गाडी काढा, बसते मी. तिचे डॉक्टर पंजागुट्ट्याला. मी अ‍ॅक्सिलरेटर पिळतोय आणि गाडी पळतच नाही. थोडं आधी आणायला हवं होतं म्हणाले डॉक्टर. हे मोठं स्प्रॉकेट नसतं तर पोचलो असतो, विलास."

मी पाना उचलला. मोठं स्प्रॉकेट काढून खिळ्याला अडकवलं, कंपनीचं लहान बसवलं, चेन कापून बेताची केली. पण मला ते ऐकवेना. स्वतःच्या हातांनी बायको घालवली असं धरून हा माणूस उरलेलं आयुष्य काढणार होता. आणि माझा स्वभाव असा की चुकीचं निदान कानावर पडलं की गप्प राहवत नाही.

"सर, उद्या त्याच वेळी, त्याच रस्त्यानं जाऊ," मी म्हणालो. "गाडी आता फास्ट आहे. तुम्ही चालवा, मी मागे बसतो. बघू किती आधी पोचतो."

गणिताचा माणूस, नाही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या गर्दीत आम्ही निघालो. अ‍ॅबिड्सला अडकलो. लकडी का पूलला तर पाय टेकूनच उभे. तिसऱ्याच्या वर गिअर पडलाच नाही. सर हॉर्न दाबत होते, दोन बसच्या मधून गाडी घुसवत होते. मागं बसून माझा जीव मुठीत. खैरताबादला शेजारच्या ऑटोवाल्यानं मान बाहेर काढली.

"चचा, उड के जाते क्या? सब्बी यहींच खडे हैं ना."

हॉस्पिटलच्या गेटशी सरांनी घड्याळ पाहिलं.

"तेवढाच वेळ लागला," ते म्हणाले.

"बघा. गाडीचा दोष नव्हता, सर. तुमचाही नव्हता."

मला वाटलं, त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. सर गाडीवरून उतरले, फुटपाथच्या कठड्यावर बसले आणि रडायला लागले. तेरा दिवसांतही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"इतके दिवस वाटत होतं, ती वाचली असती," ते म्हणाले. "माझ्यामुळे गेली, पण वाचली असती. आता तेही नाही."

मी समोरच्या टपरीवरून पाण्याची बाटली आणून दिली. परत येताना गाडी मी चालवली. मागे ते नीट बसलेत ना, म्हणून दोनदा मान वळवून पाहिलं.

गॅरेजमध्ये आल्यावर त्यांची नजर खिळ्याकडे गेली.

"टाकलं नाहीस ना? बसव परत."

"आता कशाला, सर? मागे कुणी..." पुढचं वाक्य मी गिळलं.

"तिला हिसका सोसत नाही," सर म्हणाले.

मी स्प्रॉकेट बसवलं, नवी लांब चेन घातली. सर निघाले. कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरपाशी त्यांनी गाडी जवळजवळ थांबवली, मान किंचित मागे वळवली आणि अलगद पुढे नेली.

दोष शोधून काढणं हा माझा धंदा आहे. तेव्हापासून मात्र, दोष गाडीत नाही असं गिऱ्हाइकाला सांगण्याआधी मी जरा थांबतो. तो दोषही काढून घेतला तर त्याच्याकडे काय उरतं, ते बघावं लागतं.