वडिलांच्या वजनाचा बोर्ड

नारायणगावात बायपासच्या कडेला माझं फायबरचं वर्कशॉप आहे. बाथरूमचे दरवाजे, पाण्याच्या टाक्या, कधीमधी एखाद्या शाळेची घसरगुंडी, असलं आमचं काम. त्यामुळं येडगावची प्रतीक्षा लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, "रामनाथकाका, मला पॅडलबोर्ड बनवायचाय," तेव्हा मला तो शब्दच कळला नाही. तिनं पडद्यावर दाखवला. लांबट, चपटा, दोन्ही टोकांना निमुळता. त्यावर उभं राहून वल्हं मारायचं. समुद्रावर हौशी लोक त्यावर फिरतात म्हणे. तिला तो वडिलांसाठी हवा होता.

तिचे वडील जयवंत येडगावच्या धरणात मासे धरायचे. थर्माकोलचे तुकडे पोत्यात शिवून केलेला तराफा, त्यावर बसायचं आणि पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात. आदल्या दिवाळीत तो तराफा मधोमध मोडला. अर्धा तुकडा कवटाळून जयवंत दोन तास पाण्यात होते. प्रतीक्षा तेव्हा चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं करायची. बातमी कळल्यावर तिनं बोर्डाचा आकार काढायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि सुट्टीच्या दिवशी त्यावर बसायला लागली.

"लांबी, रुंदी, जाडी टाकली की बोर्ड किती लिटरचा ते यात कळतं," ती मला समजावत होती. "एक लिटर साधारण एक किलो तोलतो. पण नुसतं तरंगून भागत नाही, माणूस न डगमगता उभा राहिला पाहिजे. म्हणून शिकाऊ माणसाला वजनाच्या दुप्पट लिटर धरायचे."

"आत थर्माकोल घालणार असशील तर त्यावर आमचं रेझिन, म्हणजे फायबरचा चीक, चालत नाही बरं," मी म्हटलं. "खाऊन टाकतं त्याला."

"माहितीये. म्हणून इपॉक्सी वापरायचं, ते थर्माकोल खात नाही."

पोरगी अभ्यास करून आली होती.

जयवंतांचं वजन चौसष्ट किलो. म्हणून पहिला बोर्ड एकशेतीस लिटरचा केला. थर्माकोलचा ब्लॉक गरम तारेनं कापला, वर काचेच्या धाग्यांचं कापड इपॉक्सीनं चढवलं. धरणात सोडला तेव्हा जयवंत त्यावर ताठ उभे राहिले आणि काठावरच्या बायकोला ओरडून म्हणाले, "शकू, बघ! पाय कोरडे हाईत!" मग त्यांनी जाळं ओढून घेतलं, बोर्डाचं शेपूट पाण्यात गेलं आणि ते उताणे पडले. काठावर सगळे हसले. प्रतीक्षा हसली नाही. तिनं ते जाळं माझ्या काट्यावर आणून टाकलं. कोरडं चार किलो भरायचं, ओलं तेरा भरलं. वर चिलापी मासे धरले तर आणखी पंधरा. "मी माणूस मोजला, त्याचं काम मोजलंच नाही," ती म्हणाली, आणि एकशेनव्वद लिटरचा दुसरा बोर्ड काढायला बसली.

तो तयार होतोय तोवर जयवंतांना भाकरी घशाखाली उतरेनाशी झाली. चहात भिजवून खायचे, मग तेही जाईना. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. प्रतीक्षानं नोकरी सोडली. मला वाटलं, आता बोर्डाचं राहिलं. पण तिचा फोन आला. "काम थांबवू नका. अप्पा वाट बघतायत."

फाल्गुनात आम्ही दुसरा बोर्ड पाण्यात सोडला. जयवंत तेव्हा शेहेचाळीस किलोंचे झाले होते. बोर्ड पाण्याच्या वरच बसला, खाली जाईचना. जरा वारा आला की पालापाचोळ्यासारखा सरकायचा. जयवंत उभे राहिले, मांड्या थरथरायला लागल्या, आणि ते हळूच खाली बसले. वल्हं वळवायला हातात जोर नव्हता. समाधान नावाचा त्यांचा जोडीदार पोहत गेला आणि बोर्ड ओढून काठाला घेऊन आला.

"लई झ्याक झालाय," जयवंत लेकीला म्हणाले. "पर ह्यो माजा न्हाई गं. कुना दांडग्या मानसाचा हाय."

"मी लहान करते, अप्पा."

तिथून वेगळंच सुरू झालं. दर शनिवारी ती त्यांना रिक्षातून वर्कशॉपवर आणायची. ते मुकाट माझ्या काट्यावर चढायचे, पोरगी सांगेल तसे उभे राहायचे. त्रेचाळीस. चाळीस. ती आकडा टाकायची आणि पडद्यावरचा बोर्ड आणखी पातळ व्हायचा. जाळ्याचं वजन तिनं हिशेबातून कधीच वगळलं होतं. मी आपला "होय, होय, कापू" म्हणत राहिलो. एका शनिवारी मात्र राहवलं नाही. जयवंत बाहेर रिक्षात बसले होते.

"प्रतीक्षा, हा बोर्ड पाण्यात जायचा नाही गं."

तिनं मान वर केली नाही. "मग मी काय करू ते सांगा."

मी तिनं काढलेला आकडा खडूनं ब्लॉकवर लिहून ठेवला.

घरी शकुबाई चिडायच्या. "त्यो कंपुटर मिट आन् बापाजवळ बस." ती बसायची, पण मांडीवर लॅपटॉप घेऊनच. जयवंत तिच्या मनगटावर हात ठेवून पडून असायचे. त्यांचा आवाजही गेला होता.

बुद्धपौर्णिमेला चार दिवस असताना सकाळी तिचा फोन आला. "काका, ब्लॉक कापू नका." एवढंच बोलली. दुपारी जयवंतांना पोचवायला मी येडगावला गेलो.

एकशेनव्वदचा बोर्ड समाधाननं मागून नेला. तो अंगानं भरलेला, त्याला तो चपखल बसला. उभा राहून जाळं टाकतो, भिजत नाही. ते बघून धरणावरचे आणखी सहा-सात जण माझ्याकडं आले, म्हणाले, आमालाबी करा. मी प्रतीक्षाला फोन लावला. ती परत चाकणला कामाला लागली होती.

"फाइली मी उडवल्या, काका. सगळ्या."

"अगं, का? लोकांच्या कामाच्या होत्या."

"प्रत्येक फाइलीत त्यांचं वजन व्हतं," ती म्हणाली. एरवी माझ्याशी शहरातलं बोलणारी पोरगी. मग फोन ठेवला.

समाधानचा बोर्ड समोर ठेवून मी माप घ्यायला बघितलं. पट्टी लावली, कागदावर रेघा ओढल्या. पण तो बाक, ती कड कुठं किती जाड ठेवायची, ते मला जमेना. त्या माणसांना मी नाही म्हणून सांगितलं. ते अजून पोत्यातल्या थर्माकोलवरच जातात.

गेल्या बाजाराच्या दिवशी शकुबाई वर्कशॉपच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

"रामनाथभाऊ, तुमचं ऐकंल ती. घरी ये म्हनावं. माजा फोन उचलत न्हाई."

मी त्यांच्यासमोरच नंबर लावला. रिंग पूर्ण वाजली आणि थांबली. शकुबाई पदर सावरून स्टँडकडं चालू लागल्या.