गव्हर्नरांनी बूट काढले तेव्हा

गव्हर्नर आमच्या गॅरेजमध्ये उभे होते आणि बूट काढायला तयार नव्हते.

हे गव्हर्नर म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार. आत हॉलमध्ये एक सिनेटरबाई येऊन बसल्या होत्या. त्यांना रनिंग मेट, म्हणजे उपाध्यक्षपदाचा उमेदवार करायचं की नाही, हे तासाभरात ठरणार होतं. आणि दारात माझी बायको मेधा शू-रॅककडे बोट दाखवत होती.

"शूज हियर, प्लीज."

मी वकील. त्या वर्षी गव्हर्नरांच्या कॅम्पेनच्या व्हेटिंग टीममध्ये होतो. रनिंग मेट कोण, हे उमेदवार स्वतः ठरवतो. त्याआधी संभाव्य माणसांची खोदून खोदून चौकशी आम्ही करतो, तिला व्हेटिंग म्हणतात. घटस्फोट का झाला, कॉलेजात काय लिहिलंत, कुत्रा कोणाला चावला का, असे शेकडो प्रश्न असतात. या बाईंच्या फाइलमध्ये मला काही म्हणता काही सापडलं नाही. त्यांचा कुत्रासुद्धा सज्जन निघाला. इतकी लायक व्यक्ती मी या कामात पाहिली नव्हती. यांनाच घ्या, असं मी लेखी दिलं होतं.

एक प्रश्न मात्र फॉर्मवर नव्हता. तो माझे बॉस ग्रेग तोंडी विचारायचे. उंची किती? स्टेजवर दोघं शेजारी उभे राहणार, तेव्हा गव्हर्नर उंच दिसायला हवेत. गव्हर्नर पाच फूट दहा, सिनेटरबाई पाच फूट नऊ. मी मनातल्या मनात टिक करून मोकळा झालो.

पत्रकार हॉटेलांवर पाळत ठेवून होते, म्हणून मुलाखती प्लेनो या उपनगरात आमच्या घरी ठेवल्या. आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे वसाहतीत, सगळी घरं सारखीच. गाडी थेट गॅरेजमध्ये घालायची आणि दार बंद करायचं. कल्पना माझी. फक्त पाहुण्यांना बूट काढायला लावू नको, हे मेधाला सांगायचं राहून गेलं.

"मेधा, राहू दे," मी मराठीत म्हणालो.

"राहू दे काय? कालच कार्पेट शॅम्पू केलंय. प्लंबरसुद्धा काढतो!"

"काय म्हणताहेत त्या?" गव्हर्नरांनी विचारलं.

"प्लंबर काढतो म्हणाली."

मतदाराच्या घरात प्लंबरपेक्षा मोठं दिसून चालत नाही. गव्हर्नरांनी बूट काढले. बुटांबरोबर तीन इंच रॅकवर गेले. पँट मोज्यांवरून घसरून कार्पेटवर लोळायला लागली.

सिनेटरबाई अदबीने उठल्या. हात पुढे केला आणि त्यांची नजर गव्हर्नरांच्या टकलावर पडली. क्षणभरच. पण पडली.

मुलाखत त्यांनी सुंदर दिली. "माझी चूक झाली तर मला सांगाल?" गव्हर्नरांनी विचारलं.

"लगेच. पण एकट्याला गाठून."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. गव्हर्नर पँट वर ओढत होते.

त्या गेल्यावर मुलाखतीला बसलेले ग्रेग म्हणाले, "जमणार नाही."

"का? बूट घातले की गव्हर्नरच उंच आहेत!"

"विन," ग्रेग माझ्याकडे वळले, "तिला आता माहीत झालंय."

"मलाही माहीत झालंय!"

"तू रनिंग मेट नाहीस."

मी बाईंची फाइल मिटली.

थोड्या वेळाने यादीतले दुसऱ्या नंबरचे गृहस्थ आले, एक काँग्रेसमन, म्हणजे खालच्या सभागृहातले खासदार. यांच्या फाइलमध्ये वाईट काही नव्हतं, चांगलंही नव्हतं. उंची पाच फूट नऊच. मेधाने रॅक दाखवला, त्यांनी बूट काढले. हॉलमध्ये आले, गव्हर्नरांच्या पँटकडे पाहिलं आणि तत्क्षणी कार्पेटवर मांडी घालून बसले.

"पाठीचा त्रास आहे. डॉक्टर जमिनीवरच बसायला सांगतात."

त्यांचे मेडिकल रिपोर्ट मी दोनदा वाचले होते. पाठीबद्दल त्यात एक शब्द नव्हता.

"माझी चूक झाली तर सांगाल?"

"तुमची चूक होईल असं मला वाटत नाही," ते खालून वर पाहत म्हणाले.

दहा मिनिटांत निवड झाली. मेधा म्हणाली, "हा माणूस किती साधा!"

सिनेटरबाईंना नकार कळवायचं काम माझ्याकडे आलं. फोन लावताना मला खरंच लाज वाटत होती. बाईंचं उपाध्यक्षपद माझ्या घराच्या दारात गेलं होतं.

"माझ्या फाइलमध्ये काही सापडलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम. काहीच नाही."

त्या म्हणाल्या, "मी उठायला नको होतं ना?"

कारणं सांगायची नाहीत, अशी आमच्या कामाची अट असते. मी ती पाळली.

नोव्हेंबरमध्ये आम्ही हरलो. शेवटच्या डिबेटमध्ये गव्हर्नरांनी एका राज्याची राजधानी दुसऱ्याच राज्याला देऊन टाकली, आणि ती चूक आहे हे त्यांना आठवडाभर कोणी सांगितलं नाही. तेव्हापासून कोणी व्हेटिंगचं काम घेऊन आलं की मी आधी विचारतो, निवडणाऱ्याची फाइल कुठे आहे? ती अजून कोणी दिलेली नाही.