कुलूपमास्तरांसाठी उसना आवाज

मी आयुष्यभर नाटकांत राजे केले, आणि प्रत्येक राजाला कधी ना कधी कैदेत टाकायची आमच्या लेखकांना खोडच होती. त्यामुळे कुलूपमास्तरांशी माझी गाठ पडणं अटळ होतं.

नाटकातलं कुलूप फार अवघड. ते प्रेक्षकांना भक्कम दिसायला हवं आणि नटाला एका हिसक्यात उघडता यायला हवं, पण वेळेआधी मुळीच नाही. एका प्रयोगात बाजारातून आणलेलं कुलूप अडकून बसलं. मला सोडवायला आलेला सेनापती घामाघूम झाला. शेवटी मीच गजाआडून म्हणालो, "राहू द्या सेनापती, आम्हाला इथेच करमतंय." लोक हसून लोटपोट झाले आणि नाटक कंपनीच्या मालकांनी पडदा पाडला. दुसऱ्या दिवशी मी चौकामागच्या गल्लीतल्या दुकानात गेलो.

दुकान म्हणजे एक फळी, एक कानस, कोपऱ्यात पितळ वितळवायची लहानशी भट्टी आणि भिंतभर किल्ल्या. मास्तरांनी मान वर न करता विचारलं, "कधी उघडायला हवं?"

"सेनापती 'महाराज, आपण मुक्त आहात' म्हणतो तेव्हा."

"आणि बंद कधी?"

"बंद कशाला? पुढे नाटकच संपतं."

तेव्हा त्यांनी कानस खाली ठेवली. "उघडायला काय, चोरालाही जमतं. बंद कसं करायचं ते आधी ठरवावं, महाराज." त्या दिवसापासून मी त्यांचा महाराज झालो. नाट्यगृहाबाहेर मला कुणी दिलेली ही एकुलती एक गादी.

मास्तर आणखीही एक काम करत. गल्लीत दबक्या आवाजात त्याला जादू म्हणत, ते स्वतः नुसतं 'काम' म्हणत. तरुणपणी पुस्तकं बांधणाऱ्या एका म्हाताऱ्याने त्यांना ते शिकवलं होतं. घराच्या मागच्या खोलीत जमिनीवर खडूने वर्तुळ काढायचं, चार दिशांना चार दिवे लावायचे, घंटा वाजवायची, पाठ केलेले शब्द एकही कानामात्रा न चुकता म्हणायचे आणि जे दिसत नाही त्याला बोलवायचं. ज्यासाठी काम केलं त्याची खूण पितळेच्या चकतीवर कोरायची आणि चकती फळीवर ठेवायची. कुणाचा परागंदा भाऊ परतावा म्हणून, कुणाच्या शेजाऱ्याची जीभ आवरावी म्हणून.

"आमच्या मालकांची जीभ आवरता येईल का?" मी एकदा विचारलं.

"तेवढं पितळ बाजारात मिळत नाही," मास्तर म्हणाले.

आम्ही हसलो खरे. पण ज्या शेजाऱ्याची जीभ आवरायची होती त्याला पुढे घशाचा आजार झाला आणि तो बोलायचा कायमचा थांबला. मी म्हटलं, योगायोग असेल. मास्तर म्हणाले, "असेल. पण चकती माझ्या फळीवर आहे."

त्यानंतर त्यांनी नवं काम घेणं बंद केलं आणि जुनं आवरायला घेतलं. आवरणं हे करण्यापेक्षा जिकिरीचं. चकती नुसती फेकून चालत नाही. पुन्हा दिवे लावायचे, काय मागितलं होतं ते उच्चारायचं, ज्याला बोलावलं त्याचे आभार मानायचे, मग निरोप द्यायचा. दिवे उलट्या क्रमाने विझवायचे, शेवटी लावलेला आधी. चकतीवरची खूण कानशीने घासायची आणि भट्टीत वितळवायची. आम्ही सेट उतरवतो तसंच, शेवटी ठोकलेला खिळा आधी निघतो. दोन गोष्टी मात्र मोडायच्या नाहीत. ज्या आवाजाने बोलावलं त्याच आवाजाने निरोप द्यायचा. आणि निरोपाचे शब्द चालू असताना घरातल्या कुणी ओ द्यायची नाही. ओ दिली की निरोप मोडला, पुन्हा पहिल्यापासून.

अशा रीतीने त्यांनी फळी रिकामी केली. मग त्यांची मुलगी गेली.

ती मला चांगली आठवते. फळीखाली बसून वडिलांच्या कानशीने किल्ल्या घासायची, आणि बापाला म्हणायची, "बाबा, तुमची किल्ली फिरते, माझी धावते." साध्या तापाचं निमित्त झालं. अजून लग्नाचं वयही नव्हतं झालं.

तिच्या माघारी मास्तरांनी मोडलेलं व्रत पुन्हा धरावं तसं ते काम पुन्हा केलं. या वेळी चकती नव्हती. तिने स्वतः किल्ली घासलेलं एक पितळी कुलूप वर्तुळाच्या मधोमध उघडं ठेवलं आणि तिला हाक मारली. ती आली की नाही, हे मी कधी विचारलं नाही. ते एकदा आपणहून म्हणाले, "दिसलं काहीच नाही, महाराज. पण ही म्हणाली, ती उंबऱ्यात उभी आहे. मग मला निरोपाचे शब्द काढवेनात."

ही म्हणजे आमच्या वहिनी. त्या दिवसापासून मागच्या खोलीत ते कुलूप उघडं राहिलं आणि किल्ली वहिनींच्या गळ्यात दोऱ्यात राहिली. वहिनी भाजी निवडताना उंबऱ्याकडे बघून बोलत. "आज उकडतंय गं." "तुझ्या बाबांना सांग, लवकर जेवायला या." मधेच थांबत, ऐकत, हसत. मी समोर असलो तर मलाही सांगत, "भावजी, ती म्हणते तुम्ही हल्ली खोकता फार." मी खोकत होतोच. पुढे पुढे वहिनींनी घराबाहेर जाणं सोडलं. बहिणीकडे नाही, बाजारात नाही. "ती एकटी कशी राहील," म्हणायच्या. मास्तर ते बघत आणि वाळत जात.

मी रंगभूमी सोडली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मास्तरांना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. मी भेटायला गेलो तेव्हा ते खाटेवर बसले होते, तोंड किंचित वाकडं. डाव्या हाताने त्यांनी पाटीवर खडूने लिहिलं, अक्षरं लहान मुलाची असावीत तशी: 'ती अडकली. मी जाण्याआधी बंद करायचं. आवाज तुम्ही द्या.'

मी म्हणालो, "मास्तर, तुमचा आवाज हवा ना त्याला?"

त्यांनी माझ्या गळ्यावर बोट ठेवलं. नंतर स्वतःच्या. कंपनीत मी सगळ्यांच्या नकला करायचो आणि मास्तरांची नक्कल ऐकून तर त्यांची मुलगी फळीखाली लोळायची. ते त्यांना आठवत होतं.

वहिनी दारात उभ्या होत्या. "तुम्ही दोघं बोला काय बोलायचं ते. किल्ली मी देणार नाही."

"वहिनी, त्यांना घोर लागलाय."

"मग मला काय लागलंय, भावजी? कुलूप लागलं की किल्लीही वितळवायची, ठाऊक आहे मला. तिच्या हातची एवढीच एक वस्तू उरलीय. आणि ती." त्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं.

मी त्या दिवशी उठून घरी गेलो. पण रोज दुपारी जाऊ लागलो. मास्तर पाटीवर शब्द लिहून देत, मी म्हणून दाखवत असे. आयुष्यात इतका कठोर दिग्दर्शक मला मिळाला नाही. त्यांचा आवाज घशातून नव्हे, छातीतून यायचा, आणि वाक्याच्या शेवटी खाली बसायचा, किल्ली कुलपात बसावी तसा. मी चुकलो की ते डाव्या हाताने खाटेच्या कडेवर मारत. एके दिवशी मारलं नाही. डोळे मिटून ऐकत राहिले. तेव्हा मला कळलं, आवाज जमला.

किल्लीचं पुढे बघू, शब्द तरी म्हणून ठेवू, असं ठरलं. दुपारची वेळ, वहिनी स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. मास्तरांना भिंतीला टेकवून बसवलं. मी वर्तुळ काढलं, दिवे लावले, घंटा वाजवली. मग मास्तरांच्या आवाजात सुरुवात केली. काय मागितलं होतं ते म्हणालो, आभार मानले. नंतर, मास्तर मुलीला 'राणी' म्हणत त्या हाकेने निरोपाला आलो.

"राणी," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "अहो, आले हं."

मास्तर कधीकाळी, लग्नाच्या नव्या दिवसांत, वहिनींनाही राणीच म्हणत, हे मला ठाऊक नव्हतं. वहिनी ओले हात पदराला पुसत आत आल्या, चेहऱ्यावर असं काही होतं की मला मान खाली घालावी लागली. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचं तोंड बंद होतं आणि वाकडं होतं.

"कोण बोललं?"

"मी बोललो, वहिनी."

त्या दाराला टेकून हळूहळू खाली बसल्या. एक दिवा फडफडत होता तो नीट झाला. मग त्या म्हणाल्या, "मला वाटलं, हे बरे झाले." आणि उंबऱ्याकडे न बघता, "तिचंही मी असंच ऐकत असेन."

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. निरोप मोडला होता आणि त्यांचा डावा हातही पाटीकडे जात नव्हता.

वहिनींनी गळ्यातला दोरा मानेवरून काढला. "पुन्हा पहिल्यापासून ना? करा. या वेळी मी तोंड उघडणार नाही."

त्यांनी मागचं दार सताड उघडलं आणि हाताने धरून ठेवलं, पाहुण्याला जाताना वाट द्यावी तसं. मी पुन्हा सगळं म्हणालो. 'राणी' म्हणालो तेव्हा त्यांनी पदर तोंडात कोंबला होता. "आलीस, बरं वाटलं. आता जा. मागे बघू नकोस. इथलं आम्ही बघतो." हे शेवटचे शब्द कामातले नव्हते, मास्तरांनी पाटीवर घातलेले होते.

मी दिवे उलट्या क्रमाने विझवले. मास्तरांनी डाव्या हाताने किल्ली कुलपात घातली, पण फिरवायला जोर पुरेना. वहिनींनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून ती फिरवली. धावली ती, खरंच. मुलीने खोटं सांगितलं नव्हतं.

दुकानातली भट्टी मी पेटवली. किल्ली वहिनींनी स्वतः आत टाकली आणि तिचे दात जाऊन तिचा थेंब होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

मास्तर त्यानंतर फार जगले नाहीत. शांत होते म्हणावं, तर ते मी माझ्या समाधानासाठी म्हणेन. त्यांनी पाटी पुन्हा हातात घेतली नाही एवढंच खरं. आणि वहिनी उंबऱ्याशी बोलायच्या थांबल्या, पण म्हणून बहिणीकडे गेल्या, बाजारात गेल्या, असं काही झालं नाही. घरात नुसती शांतता वाढली.

मास्तरांच्या माघारी मी अधूनमधून जाऊन बसत असे. एकदा वहिनींनी चहाचा पेला माझ्या पुढ्यात ठेवला आणि पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, "भावजी, एक मागू?"

"मागा ना."

"त्यांच्या आवाजात काहीतरी बोला. काहीही. 'चहा गार झाला' एवढं म्हटलंत तरी चालेल."

तो आवाज माझ्या छातीत तयार होता. दुसऱ्या कुणाचाही आवाज मी इतका घोटला नव्हता. त्या बाईला मी आयुष्यात काही देऊ शकत असलो तर तेवढंच एक देऊ शकत होतो, आणि माझ्यासारख्याला टाळीची जन्माची भूक.

मी पेला उचलला. माझ्या स्वतःच्या, म्हाताऱ्या, घोगऱ्या आवाजात म्हणालो, "वहिनी, चहा छान झालाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग "बरं" म्हणाल्या, उठल्या, आणि मागचं दार निरोपाच्या दिवसापासून उघडंच होतं ते लावून आल्या.