हेडलाईटमधलं पाणी

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. ऐकणाऱ्याला यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही. एका जुन्या पिकअपच्या हेडलाईटमध्ये पाणी साचलं, एवढंच. पण त्या पाण्यामुळे आमच्या वस्तीवर येणारी दुधाची गाडी बंद झाली, आणि त्यात माझा हात होता.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते पाटोदा तालुक्यातल्या आमच्या भागात दूध संघासाठी गाडी चालवायचे. गाडी आमची, मार्ग संघाचा. पहाटे अंधारात निघायचं, सात वस्त्यांवरचे कॅन उचलायचे आणि ऊन चढायच्या आत तालुक्याच्या शीतकरण केंद्रावर उतरवायचे. मी तेव्हा अंबाजोगाईला बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच.

सलग दुसरं वर्ष पावसाविना गेलं होतं. अर्ध्या म्हशी छावणीत होत्या. टँकर आठ दिवसांनी यायचा. अशात आमची गाडी मात्र रोज धुतली जायची, कारण दुधाची गाडी धुतल्याशिवाय केंद्राच्या फाटकाबाहेर सोडायची नाही, असा संघाचा नियम होता. तिथला माणूस मोठ्या नळीने जोरात पाणी मारायचा, पुढून, मागून, चाकांवर. दादांना त्याची लाज वाटायची. परत येताना ते फाट्यापासून डांबरी सडक सोडून मुद्दाम कच्च्या वाटेने यायचे, म्हणजे वस्तीवर पोचेपर्यंत गाडी धुळीने भरायची आणि धुतलेली दिसायची नाही. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. एकदा मी सोबत होते तेव्हा माझ्याच लक्षात आलं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा दोन्ही हेडलाईटच्या काचा आतून धुरकट झालेल्या होत्या. डावीकडच्या काचेत तळाला थेंब जमले होते. बाहेरून कितीही पुसलं तरी काही उपयोग नव्हता. पारावर बसलेल्या माणसांना तेवढंच निमित्त मिळालं.

"तुझ्या लाईटीतच दोन वाट्या पाणी निघंल बे," एकजण दादांना म्हणाला. "काढून दे म्हशीला."

"टँकरवाल्याला सांग, आता येऊ नको, आमच्या गाडीत हाय म्हणून."

दादा हसले. पण घरी आल्यावर त्यांनी मला हाक मारली. "बाई, तू सायन्सला हाईस. हे पानी आत कावून जमत आसंल? काच तर कुठं फुटली न्हाई."

मला खरं तर माहीत नव्हतं. आमच्या पुस्तकात आरसे होते, भिंगं होती, हेडलाईट नव्हता. पण दादा गाडीच्या टपाला हात टेकून उत्तराची वाट बघत उभे होते, आणि 'माहीत नाही' हे कॉलेजला गेल्यापासून मी घरात एकदाही म्हटलेलं नव्हतं. म्हणून मी जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. हवेत वाफ असते, पहाटे काच गार पडली की ती वाफ आतून काचेवर बसते. हे बरोबर होतं. मग दादांनी विचारलं, "मग वाफ आत येती कुठून?"

मी लाईटच्या मागे हात घालून चाचपलं. मागे रबराची एक बोटभर वाकडी नळी होती, तिचं तोंड खाली, उघडं. दुसऱ्या बाजूला हरभऱ्याएवढं एक छिद्र.

"इथून," मी म्हणाले.

आता विचार करते तेव्हा वाटतं, मी त्या छिद्राकडे पुस्तकातून बघितलंच नाही. मी ते आमच्या घरातून बघितलं. आमच्याकडे छिद्र म्हणजे बुजवायची गोष्ट. रांजणाला, टाकीला, हंड्याच्या बुडाला. आई ओल्या बोटाने चाचपून गळती शोधते आणि त्याच क्षणी काहीतरी लावते, साबण, मेण, मिळेल ते. छिद्र कुणी कामासाठी ठेवलं असेल, त्यातून काही बाहेर जायचं असेल, हे मनात यायला जरा जास्त पाण्याच्या घरात वाढावं लागतं.

मी दोन्ही लाईट काढायला लावले. दिवसभर उन्हात ठेवले. काचा स्वच्छ झाल्या. मग मळून लावायचं सील आणलं, आईने भाकरीच्या पिठासारखं ते मळून दिलं, आणि मी दोन्ही छिद्रं आणि दोन्ही नळ्या घट्ट बुजवल्या.

आठ दिवस लाईट लख्ख राहिले. दादांनी केंद्रावर सगळ्यांना दाखवलं. "माझ्या लेकीनं केलं," ते म्हणाले म्हणे. केंद्रावरच्या एका ड्रायव्हरने त्याच्याही गाडीसाठी मला बोलवायला सांगितलं. सुदैवाने तोवर मी अंबाजोगाईला परतले होते.

तिथून फोनवर मी विचारायची, "लाईट कसेत?" दादा म्हणायचे, "झकास हायत." मी प्रत्येक वेळी विचारायची आणि ते प्रत्येक वेळी तसंच सांगायचे. खरं तर काच आणि मागचा प्लास्टिकचा भाग जिथे जुळतो, तिथे खालच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर होती. केंद्रावरच्या नळीचं पाणी जोराने त्या चिरेतून आत जायचं. आधी ते दिवा तापला की वाफ होऊन मागच्या छिद्रांतून निघून जायचं, म्हणून पहाटेचं धुकं थोड्या वेळाने विरायचं. आता त्याला निघायला वाटच नव्हती. हे मला कळायला जानेवारी उजाडला.

जानेवारीत गाडीचं पासिंग होतं. महिन्यातून एकदा तालुक्याला तपासणीचा कॅम्प लागायचा. मी आदल्या रात्रीच घरी आले होते आणि मला पाटोद्याहून बस धरायची होती, म्हणून मी सोबत गेले. त्याच आठवड्यात दूध कमी झालं म्हणून संघ तीनपैकी एक मार्ग बंद करणार, अशी बोलवा होती. ज्या गाडीत काही खोट निघेल ती आधी जाईल, हे सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होतं. दादांनी टायर बदलून घेतले होते, हॉर्न नीट केला होता, नंबरप्लेट रंगवली होती. लाईटचं त्यांनी काही केलं नव्हतं. ते मी केलेलं होतं.

तपासणीसाहेबांनी लाईट लावायला सांगितले. दिवसाच्या उजेडातही दिसलं. डाव्या काचेत बोटभर पाणी हलत होतं. आतला चकचकीत मुलामा पापुद्रे धरून सुटला होता. उजवा लाईट नुसता पिवळट ढग होता.

"हे काय, मासे पाळलेत का?" साहेब म्हणाले. रांगेतले लोक हसले. त्यांनी कागदावर शेरा मारला आणि लाईट बदलून पुढच्या कॅम्पला यायला सांगितलं.

"साहेब, आजच बदलून आणतो," दादा म्हणाले.

"कॅम्प दुपारी संपतोय. पुढच्या महिन्यात या."

"साहेब, रोजची दुधाची गाडी हाय."

"मग तर लाईट आधी पाहिजेत," साहेब म्हणाले, आणि पुढच्या गाडीकडे वळले. त्यांचं काही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही.

आम्ही गाडी स्टँडजवळच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने डावा लाईट काढून उलटा केला. पाणी मातीत पडलं, गंजलेलं, तांबूस. मग त्याने मागची बाजू अंगठ्याने घासली.

"हे कुन्या शहान्यानं बुजवलंय?" तो म्हणाला. "आरं, ही त्याची नाकं हायत. ह्यातूनच वाफ भायेर जाती. नाक दाबल्यावर काय व्हनार?"

मी दादांच्या शेजारी उभी होते. बोलायला तोंड उघडलं होतं मी, हे नक्की आठवतं.

"म्या," दादा म्हणाले.

"तुमी? दादा, इतकी वर्सं गाडी चालवताय राव."

"गेली चूक. दुसरे बसव."

मिस्त्री मान हलवत आत गेला. मी म्हणाले, "दादा..."

"तुजी बस लागली आसंल," ते म्हणाले. "प्रॅक्टिकल बुडंल." त्यांनी माझी पिशवी उचलली आणि स्टँडकडे चालायला लागले. खिडकीतून पिशवी देताना ते इतकंच म्हणाले, "हे वस्तीवर कुनाला सांगू नको. तुला लोक लई मानत्यात."

नवे लाईट दुसऱ्या दिवशी बसले. पण पासिंगच्या कागदाशिवाय संघाने गाडी घेतली नाही, आणि पुढचा कॅम्प यायच्या आत आमचाच मार्ग बंद झाल्याचं पत्र आलं. दादा माजलगावकडे दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर उसाच्या वाहतुकीला गेले. आमची गाडी कडुलिंबाखाली उभी राहिली, नव्या लाईटांसकट.

सात वस्त्यांचं दूध घरातच राहिलं. ज्यांच्याकडे मोटारसायकल होती ते फाट्यावरच्या हॉटेलात घालायला लागले. बाकीच्यांनी काही दिवस खवा आटवला, पण म्हशीच्या पेंडीचं त्यातून भागेना.

दादा दोन दिवसांसाठी घरी आले होते तेव्हा शेजारच्या मावशी दहा बायकांना घेऊन ओट्यावर आल्या. मावशींचं घर एका म्हशीवर चालायचं. मीही शनिवारची घरी आले होते.

"बाई, तू कालिजात शिकतीस," त्या म्हणाल्या. "संघाला एक अर्ज लिहून दे. आमची गाडी चालू करा म्हनावं."

मी वही आणली. मावशी पुढे म्हणाल्या, "गाडी कावून बंद झाली ते बी लिही. न्हाईतर साहेब इचारत्याल."

मी पेन टेकवून थांबले. दादा भिंतीला टेकून बसले होते, पायातला काटा काढत. त्यांनी वर बघितलं नाही.

"गाडी जुनी झालती," ते म्हणाले. "तसंच लिही."

मला खरं लिहायचं होतं. दोन मिनिटं मी तसं ठरवलंही होतं. पण मग दादा मिस्त्रीसमोर खोटं बोलले ते सगळ्यांना कळलं असतं, आणि छिद्रं मीच बुजवली होती हेही. यातलं कुठलं कारण जास्त मोठं होतं ते मला अजून ठरवता येत नाही. मी लिहिलं, 'वाहन जुने झाल्याने सदर मार्ग बंद झाला आहे.' अक्षर चांगलं आलं. अकरा बायकांपैकी चौघींनी सह्या केल्या. बाकीच्यांच्या अंगठ्यांना मी पेनची शाई चोळली आणि एकेक अंगठा धरून कागदावर टेकवला. मावशींचा हात खरखरीत होता, आणि त्यांनी तो माझ्या हातात अगदी सैल सोडला होता.

"सगळं बरोबर लिवलंस न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

अर्जाचं उत्तर आलं नाही. होळीच्या आधीच्या बाजारात मावशींनी म्हैस विकली. माझी आणि त्यांची आजही भेट होते. भेटल्या की माझा अभ्यास कसा चाललाय ते त्या विचारतात, आणि मी चांगला चाललाय असं सांगते.